वेळास की वेंगुर्ले? समुद्रकाठचा निसर्ग बघायला निघण्याआधी

मार्चच्या सुमारास दोन-तीन दिवसांची सवड काढून कोकणातला समुद्रकाठचा निसर्ग बघायचा म्हटलं, की पहिलं नाव येतं वेळासचं. वेंगुर्ल्याचं नाव या कामासाठी फारसं कुणी घेत नाही. तिथे लोक मासे खायला, नाहीतर गोव्याला जाता-जाता थांबतात. ठरवण्याआधी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघा, कारण एकीकडे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही.

वेळास रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोटजवळ. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथली ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. त्याआधी अंडी माणसं न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. आता मादी रात्री अंडी घालून गेली की कासवमित्र ती काढून किनाऱ्यावरच्याच कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं वर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलतात. खाली पिल्लं असतील तर ती वाळूवर सोडतात आणि दोरीमागे उभं राहून आपण त्यांना पाण्यापर्यंत जाताना बघायचं. मोठं कासव दिसेल या आशेने जाऊ नका, ते रात्री येऊन रात्रीच परततं. २०२२च्या जानेवारीत इथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं होतं, त्या मादीचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं. त्यामुळे ही कासवं किनारा सोडून कुठे जातात हे कळू लागलं.

हे दृश्य बघावं असंच आहे, लहान मुलांना तर जरूर दाखवावं. पण ते पंधरा-वीस मिनिटांचं, आणि टोपलीखाली काहीच नाही असंही होतं. म्हणून दोन सकाळी आणि एक संध्याकाळ हाताशी धरूनच जा. उरलेल्या वेळात वाळू धरून ठेवणारी मर्यादावेल बघा. तिची जांभळी फुलं सकाळी छान उमललेली असतात. मागचं सुरूचं बन मात्र लावलेलं, परदेशी झाडांचं आहे. मुक्काम गावातल्या घरांत होतो, जेवण घरचं असतं आणि पैसा गावात राहतो. ही या ठिकाणाची मला सगळ्यांत आवडणारी बाजू.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारं खारफुटीचं रान दाखवतात. खाडीचं पाणी, तिथली झाडं त्यांच्या रोजच्या ओळखीची, त्यामुळे सांगणं पोपटपंचीचं होत नाही. चिखलातून वर उभे राहिलेले बोटांएवढे कोंब दाखवून त्या सांगतील की ही तिवराची श्वासमुळं. तिवराचं पान जिभेला लावा, मीठ लागतं, कारण झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबत राहतं. पांढरी चिप्पी इथेच बघून घ्या. महाराष्ट्राने २०२०मध्ये तिला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. गेव्याची फांदी मात्र मोडू नका, त्याचा चीक डोळ्यांना फार वाईट. चिखलावर कल्ल्यांत पाणी धरून उड्या मारणाऱ्या निवट्या (हे मासेच), एकच नांगी मोठी असलेले खेकडे, फांदीवर खंड्या. झाडं पळून जात नाहीत, म्हणून इथून रिकाम्या डोळ्यांनी परतणं अवघड.

इथे वेळ मात्र साधावी लागते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चिखल उघडा हवा आणि होडी तरंगायलाही हवी, म्हणून पाणी उतरत असताना जा. चतुर्थी-पंचमीला सकाळी साडेसहा-सात ही उत्तम वेळ.

डॉल्फिन हवे असतील तर निवती-भोगव्याकडून होड्या जातात. ते दिसले की इंजिन बंद करायला सांगा, पाठलाग करू देऊ नका. समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या बेटांवर पाकोळी पक्षी लाळेची घरटी बांधतात. त्या घरट्यांची चोरी व्हायची, म्हणून त्या बेटांवर उतरण्याचा हट्ट धरू नये.

जाणं-येणं बघाल तर मुंबई-पुण्याहून वेळास जवळ. बागमांडल्याहून जंगलजेटीने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) वेसवीला उतरलात की थोडंच अंतर राहतं. वेंगुर्ल्याला रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी गाठून पुढे एसटी. सोबत थकलेले आई-वडील असतील तर तिन्हीसांजेला वाळूत चालण्यापेक्षा होडीत बसणं त्यांना सोसेल. पावसाळ्यात दोन्ही बेत सोडा. तेव्हा रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर जा, गणपतीच्या दिवसांत ‘सीतेची आसवं’ नावाच्या रानफुलांनी कातळ निळा झालेला असतो.

माझं मत विचाराल तर, मुलं बरोबर असतील आणि मार्च-एप्रिलच हाताशी असेल तर वेळास. वनस्पती, पक्षी, चिखलातले जीव अशा सगळ्यांचीच ओढ असेल तर डोळे मिटून वेंगुर्ले, आणि तेही डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा पाहुणे पक्षीही असतात. वेळासला निघण्याच्या आदल्या दिवशी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून घरट्यांची स्थिती विचारा. पिल्लं अजून आठवडाभर यायची नाहीत असं ते म्हणाले, तर बेत पुढे ढकला.