जुना नीलम काश्मिरी का सिलोनी? संभाजीनगरच्या सराफ्यातल्या तपासणीचा अनुभव

आधीच सांगून टाकते, घरात आजी-पणजीची नीलमाची अंगठी, कुड्या असं काही असेल आणि ते विकायचंय, वाटून घ्यायचंय किंवा नुसतं खरं काय ते कळून घ्यायचंय, तर छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यातल्या या काकांकडंच जा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येतंयच. दुकानाचं नाव टाकत नाही कारण काकांनीच नको म्हणलं, तपासणीचं काम ते ओळखीतूनच घेतात, पण शहागंजकडून सराफ्यात शिरून कुणालाही विचारलं की जुने खडे बघणारे काका कुठं बसतात, तर लगेच दाखवतात.

आमची अंगठी आजेसासूबाईंची, हैदराबादेत घेतलेली, निजामाचं राज्य होतं तेव्हाची. खडा साधारण तीन कॅरटच्या आसपास, चौकोनी पण कोपरे गोल केलेला जुना घाट. घरात कायम एकच बोललं जायचं, काश्मिरी आहे, काश्मिरी आहे. दुसऱ्या एका शहरात एका दुकानदारानं दोन मिनिटं बघून तेच सांगितलं आणि लॅमिनेशन केलेलं कार्डसुद्धा दिलं, त्याच्यावर शिक्का होता, वजन होतं, खडा तापवलेला आहे का नाही याच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि तिथून पुढं आणखी एकानं तोच खडा बँकॉकी, म्हणजे थायलंडकडचा काळपट माल, म्हणून मोडीत मागितला, म्हणजे सोन्याचे पैसे देतो, खड्याचं वजन वजा करून. ही गोष्ट नीट लक्षात घ्या लोकहो, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी मोड देताना खड्याची किंमत शून्य धरतात, आणि लई घरातले चांगले चांगले जुने दगड असेच गेलेत.

आता काकांनी काय केलं ते सविस्तर लिहिते कारण रिव्ह्यूमधली खरी गोष्ट हीच आहे. सगळ्यात आधी अंगठी उलटी करून कोंदण मागून बंद आहे का उघडं ते बघितलं. जुन्या दागिन्यात कोंदण बंद असलं तर खड्यामागं पन्नी लावलेली असू शकते, रंग आणि चमक वाढवायला, तिला पाणी लागलं की ती काळी पडते आणि खडा एकदम मेल्यासारखा दिसायला लागतो. आमची मागून उघडी होती. मग मऊ ब्रशनं साबणाच्या कोमट पाण्यात धुतली, मागच्या बाजूला वर्षानुवर्षांचा तेलकट मळ होता तो निघाला आणि खडा तिथंच दोन घर उजळला. मग पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत पाणी घेऊन अंगठी त्यात आडवी धरली आणि मला म्हणले, ताई वरून बघू नका, बाजूनं बघा. बघितलं तर निळा रंग सगळ्या खड्यात नव्हताच. खाली टोकाजवळ एक गडद पट्टा, आणि वरचा भाग जवळपास पाण्यासारखा. पण बाहेर काढून समोरून बघितला की पूर्ण खडा निळाभोर.

हे सिलोनी, म्हणजे श्रीलंकेच्या खड्यात नेहमी दिसतं म्हणे. श्रीलंकेत रत्नपुराकडं जो नीलम निघतो त्याच्यात रंग बऱ्याचदा एकाच भागात साठलेला असतो, मग तिथले कारागीर पैलू पाडताना तो रंग मुद्दाम तळाशी ठेवतात, म्हणजे उजेड आत जाऊन खालून परत येताना सगळा खडा रंगवून येतो. म्हणून जुने सिलोनी खडे मागून बेढब, जाड, एका बाजूला कललेले दिसतात, तो दोष नाही, ती हुशारी आहे. एखाद्यानं तो सरळ करायला पुन्हा पैलू पाडले तर रंगच निघून जाईल, वजन जाईल ते वेगळंच.

मग भिंग. दहापट मोठं दाखवणारं. आत बारीक रेशमासारख्या सुया दिसायल्या, तीन दिशांनी एकमेकींना छेदणाऱ्या आणि लांबच्या लांब, अखंड. काका म्हणले या सुया शाबूत आहेत म्हणजे खडा भट्टीत गेलेला नसावा, कारण जास्त तापवलं की या सुया विरघळतात, तुटतात, ठिपके ठिपके होतात. १९७० नंतर श्रीलंकेतले दुधाळ फिकट दगड, ज्याला तिकडं गेउडा म्हणतात, ते थायलंडमध्ये नेऊन प्रचंड तापमानाला तापवून निळे करायचा धंदाच सुरू झाला, आणि आज बाजारातला बहुतांश नीलम तापवलेलाच असतो. त्याच्यामुळं न तापवलेल्या जुन्या खड्याला वेगळा भाव मिळतो. पण काकांनी लगेच सांगितलं, हे माझं मत, विकायच्या वेळी लॅबचा कागदच लागेल.

काश्मिरी का नाही, हे मी खोदून खोदून विचारलं आणि त्यांनी कंटाळा न करता सांगितलं. काश्मीरचा नीलम म्हणजे किश्तवाडकडच्या पाडर भागातला, सुमजम गावाच्या वर, साडेचार हजार मीटरच्या आसपास उंचीवर. १८८१ च्या सुमाराला दरड कोसळली आणि दगड उघडे पडले, मग काश्मीरच्या महाराजांनी ताबा घेतला, आणि खरा चांगला माल निघाला तो १८८२ ते १८८७ एवढ्याच काळात. पुढं लोकांनी पुष्कळ खणलं पण तसं पुन्हा काही लागलं नाही. तिथं बर्फामुळं वर्षातले थोडेच महिने काम करता येतं. आता विचार करा, इतक्या थोड्या वर्षांचा माल, तो सगळ्या जगात वाटला गेलेला, आणि आपल्याकडं प्रत्येक दुसऱ्या घरात काश्मिरी नीलम कुठून येणार? श्रीलंकेचा नीलम मात्र शेकडो वर्षं भारतात येतोय. त्यात आपल्याकडं शनीच्या धाकानं नीलम मुळात कमीच वापरला जायचा, माणिक-पाचू-मोती भरपूर, नीलम क्वचित. आजही राक्षसभुवनला शनीला जाऊन आलेले लोक नीलम आधी उशीखाली ठेवून बघतात, मग घालतात. त्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण ज्योतिषाच्या बाजारातला रत्तीवरचा भाव आणि जुन्या दागिन्याचा कॅरटवरचा भाव या दोन वेगळ्या दुनिया आहेत, त्याची गल्लत करू नका.

काश्मिरी दिसतो कसा? त्याच्यात इतके बारीक कण पसरलेले असतात की उजेड आत विखुरतो आणि निळ्यावर दुधावरच्या सायीसारखी एक मऊ झाक येते, मखमली म्हणतात त्याला. खडा धूसर वाटत नाही, पण कडक चकाकतही नाही, आणि दिव्याच्या उजेडातसुद्धा रंग फिका पडत नाही. ब्रह्मदेशातल्या मोगोकचा नीलम म्हणजे गडद, भरलेला, राजेशाही निळा. सिलोनी हलका आणि जिवंत, खूप चमकणारा, कधी जांभळट झाक. थायलंड-कंबोडियाकडचा आणि ऑस्ट्रेलियाचा माल ज्वालामुखीच्या खडकाशी संबंधित, त्याच्यात लोह जास्त, म्हणून बराचसा शाईसारखा काळपट, ऑस्ट्रेलियाच्यात हिरवट छटा पण येते. काकांनी ड्रॉवरमधून असा एक काळपट खडा काढून आमच्या अंगठीशेजारी ठेवला आणि दोन्ही घेऊन दुकानाच्या दारात आले. ट्यूबलाइटखाली दोन्ही निळेच वाटत होते. दारातल्या उजेडात मात्र आमचा आतून पेटल्यासारखा आणि तो दुसरा जवळपास काळा. सिलोनी आणि बँकॉकी म्हणजे नेमका काय फरक, तो मला तिथं दारात उभं राहून कळला.

किमतीचं म्हणाल तर मूळ ठिकाणाचा फरक किती पडतो ते मोठ्या लिलावात बघा. ऑक्टोबर २०१५ मध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात २७.६८ कॅरटचा काश्मिरी नीलम सुमारे ६७ लाख डॉलरला गेला, म्हणजे कॅरटला साधारण २ लाख ४२ हजार डॉलर. त्याच्या आदल्या वर्षी जिनिव्हात क्रिस्टीजकडं ब्लू बेल ऑफ एशिया हा ३९२.५२ कॅरटचा सिलोनी नीलम, हारातल्या हिऱ्यांसकट, सुमारे १ कोटी ७३ लाख डॉलरला गेला, कॅरटला ४४ हजाराच्या आसपास. दोन्ही अव्वल दर्जाचे, पण भाव असा. मात्र याचा अर्थ काश्मीर लिहिलं की कसलाही दगड सोन्याचा होतो असं नाही. फिकट, तडा गेलेला, गढूळ काश्मिरी खडा असेल तर त्याच्यापेक्षा स्वच्छ, न तापवलेला सिलोनी कधीही चांगला आणि बऱ्याचदा महागही. डायनाची ती प्रसिद्ध अंगठी, जी आता केटच्या बोटात असते, तिच्यातला बारा कॅरटचा नीलमसुद्धा सिलोनीच आहे.

अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. जुन्या दागिन्यात खड्याचं मूळ ठिकाण आणि दागिन्याचं वय जुळलं पाहिजे. मादागास्करचा नीलम मोठ्या प्रमाणात बाजारात आला तोच १९९० नंतर, इलाकाकाची खाण तर १९९८ ची, आणि तिथले काही खडे थेट काश्मिरीसारखे दिसतात. म्हणजे शंभर वर्षांच्या अंगठीत मादागास्करचा खडा निघाला तर तो नंतर कुणीतरी बदललाय, सरळ हिशोब. तसंच उलटंही, जुनं म्हणजे अस्सलच असं धरू नका, कारण १९१० च्या सुमारापासून व्हर्नॉय पद्धतीनं कारखान्यात निळा नीलम बनायला लागला आणि १९२०-३० च्या दागिन्यांत तो सर्रास बसवलेला सापडतो. माझ्या मावशीच्या ब्रोचमधला असाच निघाला. भिंगाखाली त्याच्यात रंगाच्या रेषा वक्र दिसल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, खऱ्या दगडात त्या सरळ किंवा कोनात असतात. मावशीला वाईट वाटलं पण काकांनी ब्रोच मोडू नका म्हणून निक्षून सांगितलं, कारण घडण त्या काळातली आणि हातानं केलेली आहे.

लॅबला पाठवतानाची पद्धत पण आवडली. आमच्यासमोर वजन, फोटो, मापं, सगळं लिहून सही-शिक्क्याची पावती. रिपोर्ट आला: श्रीलंका, तापवल्याची चिन्हं नाहीत. काकांनी हेही स्पष्ट केलं की मूळ ठिकाण हे लॅबचं मत असतं, श्रीलंका आणि मादागास्कर यात तर दोन लॅबची मतं वेगळी येऊ शकतात, म्हणून फार मोठा आणि काश्मिरी वाटणारा खडा असेल तर गुबेलिन किंवा एसएसईएफ अशा स्विस लॅबचे एकापेक्षा जास्त रिपोर्ट घेतात. आमच्या अंगठीची किंमत काश्मिरी म्हणून सांगितलेल्या आकड्याच्या बरीच खाली आली, आणि बँकॉकी म्हणून मागणाऱ्याच्या कितीतरी वर. विकणार नाही, पण वाटणीच्या वेळी घरात भांडण नको म्हणून कागद हातात असलेला बरा.

अर्धा मार्क कापला तो वेळेसाठी. रिपोर्टला सांगितल्यापेक्षा बराच उशीर झाला आणि मधे आपणच फोन करत बसायचं. दुकानात बसायला जागा नाही, गाडी लावायला तर विचारूच नका, शहागंजला लावून चालत या. एक कॅरटच्या आतल्या खड्याला लॅबचा खर्च परवडत नाही हे काका स्वतःच सांगतात आणि परत पाठवतात. लगीनसराईत आणि दिवाळीच्या आधी जाऊ नका, निवांत बोलणं होत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून काश्मिरी आहे का विचारू नका, मोबाईलमध्ये निळा रंग हमखास बदलतो, ते उत्तर देत नाहीत. दागिना घेऊन दुपारी जा, त्या वेळी दुकानाच्या दारात उजेड चांगला असतो.