पाण्याचा की टॉवरचा? प्रोसेसरच्या कूलरबद्दल दोन उन्हाळ्यांनंतर

नागपुरात ‘कूलर’ म्हटलं की डोळ्यासमोर खिडकीत बसवलेली पत्र्याची पेटी येते. म्हणून आधीच सांगून टाकतो, हे त्या पेटीबद्दल नाही. टेबलाखालच्या डब्यातल्या प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या कूलरबद्दल आहे. पेटी मात्र मधूनमधून येणार, कारण माझ्या निर्णयात तिचाही हात आहे.

दिवाळीला भाचा घरी आला होता. अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, नवा पीसी जोडायचा होता. “मामा, एआयओ घेऊ का टॉवर? दुकानदार म्हणते, आजकाल टॉवर कोणी घेतच नाही.” एआयओ म्हणजे बंद नळ्यांतून पाणी फिरवणारा कूलर आणि टॉवर म्हणजे धातूच्या पत्र्यांचा मनोरा, त्याला पंखा. मी दोन्ही वापरून बसलोय, त्यामुळे मला मत आहे, आणि मत असलं की माणूस जरा जास्तच बोलतो. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. माझं पारडं कुठे झुकतं ते लपणार नाही, पण तुमचं काम माझ्यापेक्षा वेगळं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं निघू शकतं.

माझं काम असं : शेतीविषयक आणि प्रशिक्षणाच्या व्हिडिओंना आवाज देतो आणि ते व्हिडिओ जोडूनही देतो. दोन्ही एकाच खोलीत, एकाच टेबलावर. मशीन एएमडी कंपनीच्या रायझन ९ ७९००एक्स या प्रोसेसरचं. हा गडी मोकळा सोडला तर २३० वॉटपर्यंत वीज ओढू शकतो आणि भर कामात ९५ अंशांना जाऊन टेकणं हे एएमडीनेच हिशेबात धरलेलं आहे. २०२३ मध्ये मशीन जोडलं तेव्हा मीही दुकानदाराचंच ऐकलं आणि २४० मिलिमीटरच्या रेडिएटरचा, म्हणजे पाणी निववणाऱ्या जाळीचा, एआयओ घेतला. दोन उन्हाळे काढले. तिसऱ्याच्या तोंडावर तो उतरवला आणि थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा दुहेरी टॉवर चढवला. तो मला एआयओच्या निम्म्याहून कमी पैशात पडला.

एआयओबद्दल आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे : पाणी आहे म्हणजे गार असणार. याला जबाबदार ती पत्र्याची पेटी. तिच्यात वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपतं, त्यातलं थोडं उडून जातं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. म्हणून बाहेर आग बरसत असली तरी खोलीत बरं वाटतं. एआयओतलं पाणी उडत नाही, निदान उडू नये अशी अपेक्षा असते. ते बंद नळीत फिरतं आणि निव्वळ हमाली करतं. प्रोसेसरवरून ओझं उचलायचं, रेडिएटरवर नेऊन टाकायचं, परत यायचं. पुढे ते ओझं उडवायला पंखाच लागतो आणि हवा खोलीतलीच लागते. खोली ३४ अंशांवर असेल तर एआयओही ३४ च्या खाली काही नेऊ शकत नाही. टॉवरचंही तेच. त्याच्या तांब्याच्या नळ्यांतही चिमूटभर द्रव असतो. तळाशी त्याची वाफ होते, वर जाऊन ती निवते आणि नळीच्या आतल्या खरबरीत अस्तरातून द्रव पुन्हा खाली झिरपतो. फरक एवढाच की तिथे हमालाला ढकलायला पंप नाही.

टॉवर आणल्यावर एप्रिलच्या एका शनिवार-रविवारी दोन्ही पाळीपाळीने बसवून पाहिले. बाहेर पाऱ्याने चाळिशी केव्हाच ओलांडली होती. पेटी सुरू, खोलीत ३३ अंश. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची पेस्ट तीच, डबा तोच, एक लांबलचक व्हिडिओ एक्सपोर्ट करायचा तोही तोच. प्रयोगशाळेचा दावा नाही, माझ्याकडे थर्मामीटरही औषधाच्या दुकानातला.

प्रोसेसर मोकळा सोडला तेव्हा दोन्ही कूलर नव्वदीत जाऊन बसले. एआयओवर घड्याळगती, म्हणजे प्रोसेसरच्या कामाचा वेग, किंचित वर राहत होती आणि पाऊण तासाच्या कामात मिनिटभराची बचत झाली असेल. मग बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, विजेची ओढ आवरणारा १०५ वॉटचा इको मोड लावला. नावात १०५ असलं तरी प्रत्यक्ष ओढ १४२ वॉटच्या आत येते. आता दोन्ही सत्तरीत आले, एआयओ चार-पाच अंशांनी खाली. कामाला लागलेला वेळ मात्र इतका थोडा वाढला की चहा घेऊन परत येईस्तोवर मला तो कळलाही नसता. तुमच्याकडे या पिढीचा रायझन असेल आणि तुम्ही विदर्भात राहत असाल, तर कूलर कोणताही घ्या, आधी इको मोड लावून पाहा. फुकट आहे.

या चाचणीत एक गोष्ट फसवी असते, तीही सांगून ठेवतो. पहिल्या पाच मिनिटांत एआयओ फारच देखणा दिसतो. आतल्या पाण्याला तापायला वेळ लागतो, तोवर आकडे खालीच राहतात. माझ्याकडे वीसेक मिनिटांनी पाणी पूर्ण तापलं आणि तिथून पुढे दोघांतलं अंतर बरंच मिटलं. त्यामुळे कोणी तीन मिनिटांचा बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, चालवून एआयओची आरती ओवाळत असेल तर ती जरा बेतानेच घ्यावी. उलट, तुमचं काम खरंच तीन-तीन मिनिटांच्या झटक्यांचं असेल, तर हा सावकाश तापण्याचा गुण तुमच्या फायद्याचा आहे. पंखे उगीच वर-खाली होत नाहीत. टॉवरवर एखादं जड सॉफ्टवेअर उघडलं तरी पंखा दचकून उठतो आणि लगेच झोपतो. मला दोन दिवस त्याचाच वैताग आला. बायोसमध्ये पंख्याने किती सेकंद थांबून वेग वाढवायचा ते ठरवता येतं. ते लांबवल्यावर शांत झाला.

इथवर दोघं जवळजवळ बरोबरीत आहेत. आकडेच बघायचे असते तर मी एआयओ काढायचे कष्ट घेतले नसते.

आता खरं दुखणं. मी रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर करतो. दिवसा पेटी चालू असते आणि तिच्या घरघरीत आवाज देणं म्हणजे गिरणीत बसून भजन म्हणणं. अकराला पेटी बंद, पंखा बंद, खिडकी बंद. खोली हळूहळू तापायला लागते आणि पूर्ण शांत होते. त्या शांततेत मला पहिल्यांदा पंप ऐकू आला. बारीक, एकसुरी, डासासारखा. पंपाचा वेग बायोसमधून उतरवला, डास लांब गेला. बरं वाटलं. मग काही दिवसांनी, एका वाक्याच्या ऐन मध्यावर, डब्यातून ‘गुडुक’ झालं.

एआयओत थोडी हवा असतेच, तो काही दोष नाही. ही हवा सर्वांत उंच जागी जाऊन बसते, म्हणून ती जागा रेडिएटरमध्ये असावी, पंपात नसावी. माझा रेडिएटर दुकानदाराने पुढच्या बाजूला असा बसवला होता की नळ्या वरच्या टोकाला आणि पंपही जवळपास त्याच उंचीवर. मी तो काढून डब्याच्या छताला लावला आणि गुडगुड थांबली. वर्षभर सुखाने गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात ती परत आली. बंद नळी म्हटलं तरी रबरातून पाणी अगदी सावकाश निसटत राहतं, ऊन जास्त तसं ते जास्त, आणि जेवढं पाणी कमी तेवढी हवा जास्त. बहुतेक एआयओंना वरून पाणी भरायची सोय नसते, माझ्यालाही नव्हती. पेटीत संध्याकाळी बादली ओतता येते, इथे नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसलात? सॉफ्टवेअरने पुसून टाका. पंख्याचा आवाज पुसला जातो, कारण तो सलग असतो. सुरुवातीची पाच सेकंदं नुसती खोली रेकॉर्ड करायची, सॉफ्टवेअरला म्हणायचं हे वजा कर, आणि ते करतं. गुडुक मात्र केव्हा येईल सांगता येत नाही आणि दोनदा सारखं येत नाही. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल गंभीर आवाजात सांगत असावं आणि मागून कोणाचं तरी पोट बोलावं, तसं होतं. एकदा ग्राहकाने चक्क विचारलं, “भाऊ, जेवून नव्हते बसले का?” त्या रात्री चौदा मिनिटांचा भाग पुन्हा वाचला.

वॉरंटी शिल्लक होती, म्हणून सेवा केंद्रात गेलो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या कंपनीकडे वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. तिथल्या मुलाने मशीनला जोडून तापमान पाहिलं. “सर, टेम्परेचर तं बराबर आहे.” मी म्हटलं, तापमानाची तक्रार नाहीच, आवाज ऐका. त्याने कान लावला. वर छताचा पंखा, बाजूला एसी, बाहेर रस्त्यावर हॉर्न. “काही येऊन नाही राहिलं सर.” खरंच येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. ठेवून जा म्हणाला, वर पाठवून पाहतो, दोन-तीन आठवडे लागतील. तोवर मशीन बंद, कारण दुसरा कूलर घरात नव्हता. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी तात्पुरता म्हणून घेतलेला टॉवर तो हाच. एआयओ नंतर मी पाठवलाच नाही.

टॉवरवरही आवाज आहे. दोन पंखे आहेत, ते फिरतात. पण पंख्याच्या आवाजाला आपले कान सरावलेले असतात आणि माइकलाही तो समजावता येतो. शिवाय एक पंखा गेला तर दुसरा काम रेटतो आणि मेलेल्याच्या जागी कुठलाही १२० मिलिमीटरचा पंखा सीताबर्डीत तासाभरात मिळतो. पंप गेला तर सगळंच गेलं.

साफसफाईचं थोडक्यात. पेटीच्या ताट्यांतून बारीक तुसं उडतात आणि त्यांना रेडिएटरची जाळी फार आवडते. ती पंखा आणि जाळीच्या मध्ये जाऊन नमद्यासारखी थापली जातात, वरून काही दिसत नाही. काढायची तर पंख्यांचे आठ स्क्रू. टॉवरवर तारेच्या कड्या सोडल्या की पंखा हातात येतो आणि ब्लोअरचे दोन फवारे पुरतात. हैदराबादला एसीत राहणाऱ्या माझ्या मित्राला हा मुद्दाच कळत नाही.

आता एआयओच्या बाजूने, आणि हे मी मनापासून म्हणतोय. इंटेलचा आय९ १४९००के असेल, २५३ वॉट सलग तासन्‌तास ओढायचे असतील, तर २४० सोडा आणि ३६० चा एआयओ घ्या. तिथे हवेच्या टॉवरला दम लागतो. डबा अरुंद असेल तरी एआयओ बरा. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा टॉवरांतला पाटील, पण १६५ मिलिमीटर उंच आणि पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर. अनेक डब्यांचं झाकण त्याच्यावर लागत नाही आणि मेमरीच्या (रॅमच्या) पट्ट्या उंच असतील तर पंखा वर सरकवावा लागतो, की उंची आणखी वाढली. एवढं वजन मदरबोर्डला लटकवून मशीन ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला न्यायचं असेल तर टॉवर आधी उतरवा. एआयओचं वजन डब्याच्या सांगाड्यावर असतं, तो निमूट प्रवास करतो. आणि दिसायला एआयओ छानच दिसतो. काचेच्या डब्यात माझा टॉवर म्हणजे दिवाणखान्यात ठेवलेलं ट्रॅक्टरचं इंजिन.

तर भाच्याला मी म्हटलं, रात्री शांततेत काम करणार असशील, मशीन पाच वर्षं उघडायचं नसेल, तर टॉवर घे. तो म्हणाला, “मामा, मी तं रात्री हेडफोन लावूनच बसतो.” गेम खेळतो, आणि डबा काचेचा पाहिजे होता. मग माझ्याकडे काय उत्तर असणार? कपाटातला जुना एआयओ काढला, जाळी धुतली, नवी पेस्ट सोबत दिली आणि रेडिएटर छतालाच लाव म्हणून बजावलं. वॉरंटीचं बिलही दिलं. तो खूश. गेल्या महिन्यात परीक्षेनंतर भाचा मशीन घेऊन घरी, वर्ध्याला गेला, आणि दोनच दिवसांत ताईचा फोन आला.

“काय रे, पोराच्या खोलीत रात्री नळ चालू राहते का काय? मी दोनदा उठून बाथरूम पाहून आली.”