गोळ्या घ्याव्यात की टाकी झाकावी?

सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला लिफ्टचा आणि पोचला कर्नाटकातल्या कैगाला. तिथल्या अणुभट्टीत मोठा अपघात झाला तर? एकाने सगळ्यांसाठी आयोडीनच्या गोळ्या मागवायचं सुचवलं, दुसरा म्हणाला, गाड्या काढायच्या आणि लातूरकडे सुटायचं.

कैगा इथून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तारापूरचं अणुऊर्जा केंद्र त्याहून लांब. गावं हलवणं, गोळ्या वाटणं ही सरकारी तयारी मुख्यतः प्रकल्पाभोवतीच्या 16 किलोमीटरसाठी असते. पण लांब आहोत म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. 1986 साली सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला, त्याची बाहेरच्या जगाला चाहूल लागली ती हजारावर किलोमीटर दूर, स्वीडनमधल्या यंत्रांमुळे.

पळणं मी आधीच बाद करतो. 2011 च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर जपानच्या फुकुशिमा प्रांतात घरदार सोडून राहण्याच्या हालांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी.

गोळ्यांचं काम एवढंच की अपघातात बाहेर पडणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत शिरू द्यायचं नाही. सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थापुढे त्यांचा उपयोग शून्य. एका गोळीचा असर दिवसभराचा, म्हणजे कधी घ्यायची हे कुणीतरी अचूक सांगायला हवं. चाळिशी उलटलेल्यांना फायदा थोडाच (मीटिंगला आम्ही सगळे त्यातलेच). 1986 मध्ये पोलंडने एक कोटीवर मुलांना आयोडीनचं औषध पाजलं, पण ते सरकारने केलं. सोसायटीच्या कपाटातल्या डब्याने ते होत नाही.

उरलं दारं-खिडक्या लावून घरात थांबणं. यात सोलापूरकर तयारीचा गडी. पाणी रोज येतच नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं भरलेली. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर आठवडा सहज निघतो. फरक पडतो तो छपराचा: पत्रा किरणं फारशी अडवत नाही, स्लॅब बरा, आणि जुन्या वाड्यातलं मातीचं जाड माळवद त्याहून चांगलं. पत्र्याखाली राहणाऱ्यांनी शेजारच्या पक्क्या घरात कुणाकडे जायचं ते आजच बोलून ठेवावं.

एवढ्या अंतरावर मला खरी काळजी दुधाची वाटते. हवेतलं आयोडीन गवतावर बसतं, गवतातून दुधात, दुधातून पोरांच्या गळ्यात. चेर्नोबिलनंतर मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला तो मुख्यतः याच वाटेने. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणून तेव्हा काही आठवडे ताजं दूध बंद आणि आधीच आणलेली दूधपावडर सुरू. पालेभाज्यांचंही तेच.

गोळ्यांचा ठराव बारगळला. गच्चीवरच्या टाकीचं झाकण गेल्या पावसाळ्यापासून फुटलेलं आहे, ते बदलायला मात्र मंजुरी मिळाली.