अबोल सेनापतीच्या पाठ कविता

पार्सल उघडलं तेव्हा पुस्तकातला एक फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) शिवण तुटून अर्धा बाहेर आला होता. विक्रेत्याने 'उत्तम स्थिती' असं लिहिलं होतं आणि साडेसहाशे रुपये घेतले होते. मी दोनदा मेसेज केला, उत्तर आलं नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या बाइंडरकडे नेलं. त्याने जुना दोरा काढून नव्याने शिवलं, पुठ्ठ्याला खळ लावली आणि दोन दिवस दाबाखाली ठेवून दिलं. त्याचे दीडशे. म्हणजे आठशेला पडलं, आणि तरीही मी हे पुस्तक घ्या असंच सांगणार आहे. फक्त जुनी प्रत मागवताना शिवणीचा फोटो आधी मागा.

पुस्तक म्हणजे 'अदर मेन्स फ्लॉवर्स', फील्डमार्शल आर्चिबाल्ड वेव्हेल यांनी निवडलेल्या इंग्रजी कवितांचा संग्रह. माउंटबॅटनच्या आधीचे व्हाइसरॉय तेच हे वेव्हेल. पहिली आवृत्ती १९४४ ची, ते दिल्लीत व्हाइसरॉय असतानाच निघालेली. माझी प्रत १९५२ ची, त्यांच्या मागे निघालेली, मुलाच्या प्रस्तावनेसह. नाव मॉन्तेन या जुन्या फ्रेंच निबंधकाराच्या एका वाक्यावरून घेतलंय: फुलं दुसऱ्यांची, माझा आहे तो फक्त ती बांधणारा दोरा.

आमच्या घरात हे नाव आपुलकीचं नव्हे. आजोबा बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला होते, आणि ती चळवळ मोडायला लष्कर उतरलं तेव्हा हिंदुस्थानचे सरसेनापती वेव्हेलच होते. ते मी विसरलेले नाही. पण हेही वाचलेलं आहे की ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉय झाल्यावर आठवड्याच्या आत हा माणूस कलकत्त्याला गेला, बंगालच्या दुष्काळात भुकेने रस्त्यावर पडलेली माणसं त्याने स्वतः पाहिली, धान्य पोचवायला लष्कर लावलं आणि पुढे लंडनकडे धान्यासाठी सारखा तगादा लावला. पुस्तक उघडताना हे सगळंच माझ्या मनात होतं.

संग्रह खास का, तर तो कपाटातून नव्हे, डोक्यातून निघालाय. यातल्या कविता वेव्हेलना कधी ना कधी पाठ होत्या, पूर्ण किंवा बऱ्याचशा. निवडीची कसोटीच ती. मी छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि लहानपणी वडिलांनी रोज संध्याकाळी मोरोपंतांच्या आर्या म्हणून घेतल्या. त्यामुळे पाठ असलेली कविता आणि नुसती वाचलेली कविता यांतलं अंतर मला ठाऊक आहे. पाठ असलेली रात्री झोप येत नसताना आपणहून ओठांवर येते. वेव्हेलनी फ्रान्सिस थॉम्प्सनच्या 'द हाउंड ऑफ हेवन' या कवितेबद्दल असंच काहीसं लिहिलंय, की गोळीबारात, खवळलेल्या समुद्रावर, अंगाच्या आणि मनाच्या दुखण्यात आपण ती म्हणत आलो. ही टीप मी तीनदा वाचली. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत डावा डोळा गमावलेला माणूस हे लिहितो तेव्हा ते अलंकारिक बोलणं राहत नाही. आणि हाच माणूस बैठकीत इतका गप्प बसायचा की समोरच्याला घाम फुटावा!

विभागांची नावंही त्यांच्या स्वभावाची आहेत. 'गुड फायटिंग', 'लव्ह अँड ऑल दॅट', 'हिम्स ऑफ हेट', 'रॅगबॅग' आणि शेवटाकडे 'लास्ट पोस्ट'. लढाईचा भाग भरघोस, प्रेमाचा मला जरा कोरडा वाटला. किपलिंग आणि ब्राउनिंग जागोजागी भेटतात. ते आवडत नसतील तर कंटाळा येईल. नव्या वळणाची कविता जवळजवळ नाही, कवयित्री तर फारच थोड्या. टिपा मोजक्या आहेत, पण ज्या आहेत त्या सोन्यासारख्या. आणखी चालल्या असत्या.

गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस वाचायचं नाही. म्हणून नातीला बसवलं आणि चेस्टरटनची 'लेपांटो' मोठ्याने वाचायला सांगितली. १५७१ ची तुर्कांविरुद्धची समुद्रावरची लढाई. पहिल्या दिवशी ती नावांवर अडखळत होती, सुलतान आणि समुद्र यांत तिचा गोंधळ झाला. दुसऱ्या दिवशी मी मांडीवर ताल धरला, डफावर धरतात तसा, आणि पोरीचा आवाज एकदम चढला. तुर्कांशी लढणाऱ्या आरमाराचा सेनापती डॉन जॉन ऑफ ऑस्ट्रिया याचं नाव फिरून फिरून येतं तिथे तर तिने पोवाड्यातल्यासारखा हात वर केला. ही कविता डोळ्यांनी वाचून कळत नाही. संग्रहातल्या कितीतरी कवितांचं हेच आहे. घ्याल तर मोठ्याने म्हणा, दार लावून म्हणा हवं तर.

अगदी शेवटी 'आउटसाइड द गेट' नावाचा छोटा विभाग आहे. त्यात वेव्हेलनी स्वतःचं एकच सुनीत ठेवलंय, दुसऱ्यांच्या फुलांमध्ये आपलं रस्त्याकडेचं रानफूल म्हणून. चेरी घेतलेल्या मेरीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, चित्रावरचं, १९४३ चं. मोठ्या कवींच्या शेजारी ते लहानच दिसतं. पण शेवटच्या दोन ओळींत हा सेनापती चित्रातलं सौंदर्य, ऊब, उजेड यांची नावं घेतो आणि म्हणतो, यांच्यासाठी मी परत लढायला जातो. मी ते नातीकडून नाही, पट्टी निघाल्यावर स्वतः वाचलं. त्या पानावर आधीच्या कोणा मालकाने पेन्सिलीने समासात एक बारीक रेघ ओढलेली आहे. बाइंडर ती खोडायला निघाला होता. मी राहू दे म्हटलं.