विणकराच्या घरात जेमतेम पाऊण तास

नागपूरच्या एका प्रवास कंपनीच्या स्कॉटलंड सहलीत किलबार्कन गावातील, १७२३ साली बांधलेले विणकराचे घर होते आणि केवळ तेवढ्यासाठीच मी ती सहल निवडली, कारण माझे बालपण गोळीबार चौकाजवळच्या कोष्टी वस्तीत, मागाच्या खटखटाटात गेले आहे. एकोणिसाव्या शतकात या छोट्या गावात शेकडो हातमाग चालत. माग खालच्या खोलीत, मातीच्या जमिनीवर असे. तेथील ओलाव्यामुळे लिननचे सूत कोरडे पडून तुटत नसे. त्या ओलीत दिवसभर बसणाऱ्याच्या गुडघ्यांचे काय होत असेल, हे आमच्या आजोबांनी नेमके सांगितले असते. पुरुष धोटा (आडवा धागा ओढून नेणारे साधन) फेकत आणि बायका-मुले कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरत, अगदी आमच्या घरासारखेच. तेथील जुन्या मागाचा गुळगुळीत झालेला लाकडी हात पाहून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो.

मात्र कंपनीने येथे जेमतेम पाऊण तास दिला आणि ग्लासगोच्या बाजारात तीन तास घालवले. सोबतच्या मार्गदर्शकाला ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) यांतील फरकही सांगता आला नाही. शेवटी तो मीच सहप्रवाशांना समजावला. जेवण व निवास ठीक होते. घराला पाच तारे, कंपनीला दोन.