लहान फोन, बरेच महिने : गॅलेक्सी एस२४ वापरल्यानंतर

फोनच्या आकाराबद्दल आपण सगळे इंचात बोलतो आणि गफलत तिथेच होते. ६.२, ६.७, ६.८ हे आकडे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे. हाताला त्या कर्णाशी काही देणंघेणं नसतं. तळव्याला कळते ती रुंदी आणि मनगटाला कळतं ते वजन. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ मी या दोन आकड्यांवरूनच निवडला : रुंदी ७०.६ मिमी, वजन १६७ ग्रॅम. वापरायला लागून आता बरेच महिने झालेत, नवेपणाची भूल उतरली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शेवटच्या फेरीत तीन फोन होते. एस२४, गूगलचा पिक्सेल ८ आणि वनप्लस १२. पहिल्या दोघांची स्क्रीन ६.२ इंचांची, म्हणजे कागदावर जुळी भावंडं. पण पिक्सेल ८चं वजन १८७ ग्रॅम आणि जाडी ८.९ मिमी, एस२४ची जाडी ७.६ मिमी. वनप्लस १२ हा मोठा गडी, ६.८२ इंच आणि २२० ग्रॅम. पिक्सेल ८ भावाकडे आहे, तो रोज हाताळायला मिळतो. वनप्लस १२ मैत्रिणीकडून काही दिवस मागून घेतला होता. आयफोनचा विचार केला नाही, कारण माझी सगळी ॲप्स आणि सवयी अँड्रॉइडच्या आहेत.

इंच किती फसवतात ते एका जुन्या फोनवरून बघा. २०१७ साली आलेल्या आयफोन ८ प्लसची स्क्रीन ५.५ इंचांची होती, आणि तरी तो फोन ७८.१ मिमी रुंद आणि २०२ ग्रॅम वजनाचा होता. माझ्या ६.२ इंची फोनपेक्षा साडेसात मिलिमीटरने रुंद! कारण तेव्हाच्या स्क्रीनच्या उंची-रुंदीचं प्रमाण १६:९, शिवाय दोन्ही बाजूंच्या कडाही जाड. आताच्या स्क्रीन १९.५:९ किंवा त्याहून उंच. उंची वाढली की कर्ण फुगतो, रुंदी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे ‘सहा इंचांच्या वरचा फोन मला मोठाच होणार’ असं कुणी म्हणालं की मी त्यांना आधी मिलिमीटर बघायला सांगते.

रोजच्या वापरात याचा अर्थ काय? उजव्या हातात फोन धरला की माझा अंगठा डाव्या कडेपर्यंत आरामात पोचतो. कडेवरून बोट सरकवून मागे जाणं, डावीकडचा मेन्यू उघडणं, फोटो निवडताना पहिल्या रांगेतला डावा चौकोन दाबणं, हे सगळं पकड न सोडता होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत मात्र नाही पोचत. तिथे फोन तळव्यात थोडा खाली सरकवावा लागतो, किंवा एका हाताने वापरण्याची सोय चालू करून स्क्रीन लहान करून अंगठ्याच्या आवाक्यात आणावी लागते. मी ती सोय पहिल्याच आठवड्यात चालू केली. वनप्लस १२ची रुंदी ७५.८ मिमी. फरक फक्त पाच मिलिमीटरचा वाटतो, पण तो फोन एका हातात असताना डावी कड गाठायची तर पकड बदलायलाच लागायची, आणि फोन पडतो तो पकड बदलतानाच.

दुसरी गोष्ट करंगळीची. जड फोन धरताना आपण नकळत करंगळी खाली टेकू म्हणून लावतो आणि सगळा भार तिच्या मधल्या पेरावर येतो. आधीचा फोन सव्वादोनशे ग्रॅमच्या घरातला होता. रात्री आडवं पडून वाचताना त्या पेरावर वळ उठायचा आणि थोड्या वेळाने मनगट अवघडायचं. एस२४ घेतल्यापासून ते थांबलं. पन्नासेक ग्रॅमनी इतका फरक पडतो हे कुठल्याही तुलना-तक्त्यात दिसत नाही, तासभर फोन हातात धरल्यावर कळतं. म्हणून दुकानात बघायला जाल तेव्हा दोन मिनिटं धरून ठेवून देऊ नका. उभ्याउभ्या एखादा मोठा लेख वाचा, एका हाताने निरोप लिहा, कानाला लावून बघा.

आता लहान आकाराची किंमत कुठे मोजावी लागते ते सांगते. सगळ्यात आधी मराठी टायपिंग. एस२४च्या स्क्रीनची रुंदी हिशेबाने ६६ मिमीच्या आसपास येते. इंग्रजीच्या एका ओळीत दहा अक्षरं, ती आरामात बसतात. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकाच्या मांडणीत एका ओळीत अकरा-बारा अक्षरं येतात, म्हणजे एका बटणाला जेमतेम साडेपाच-सहा मिलिमीटर. माझी बोटं बारीक आहेत, तरी घाईत असताना ‘प’ऐवजी शेजारचं अक्षर पडतंच. वनप्लसच्या जवळजवळ ७२ मिमी रुंद स्क्रीनवर हाच कळफलक मोकळा वाटला. ज्यांना फोनवर भरपूर मराठी लिहायचं असतं, पानंच्या पानं लिहायची असतात, त्यांनी या मुद्द्याला वजन द्यावं. मी आता लांब मजकूर बोलून लिहून घेते आणि हाताने फक्त दुरुस्त्या करते.

वाचायला मात्र अडचण नाही. अक्षरांचा आकार एका पायरीने वाढवलाय. ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘र्‍हा’ अशी जोडाक्षरं, मात्रा, अनुस्वार, सगळं स्वच्छ दिसतं. इंचाला चारशेच्या वर पिक्सेल आहेत, तेवढे पुरेसे होतात. वनप्लसची स्क्रीन ५१०च्या आसपास पिक्सेलची, पण नेहमीच्या अंतरावरून मला फरक सांगता आला नाही. मोठी स्क्रीन जिंकते ती तक्ते, नकाशे आणि पीडीएफ बघताना. ए४ आकाराचं पान एस२४वर पूर्ण रुंदीत वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे, दर वेळी मोठं करून इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं.

बॅटरीवर जरा जास्त लिहायला हवं, कारण लहान फोन घेणाऱ्या प्रत्येकाची खरी धाकधूक तीच असते. एस२४ची बॅटरी ४००० एमएएच, पिक्सेल ८ची ४५७५ आणि वनप्लस १२ची ५४००. म्हणजे वनप्लसमध्ये पस्तीस टक्के जास्त. स्क्रीन मोठी म्हणून तिचा खर्चही जास्त, पण फोनमधला प्रोसेसर, रेडिओ, जीपीएस यांचा खर्च फोन लहान आहे म्हणून कमी होत नाही. त्यामुळे लहान अंगाला हे गणित सोडवता येत नाही, ते फक्त सांभाळता येतं. माझा वापर म्हणजे निरोप, मेल, वाचन, थोडे फोटो, तासभर व्हिडिओ. असा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत निघतो आणि झोपताना थोडीफार शिल्लक असते. पण प्रवासाचा दिवस असेल, नकाशा चालू, रेंज येतजात, वर कडक ऊन, तर संध्याकाळी चार्जर शोधावा लागतो. रेंज कमजोर असली की फोनचा रेडिओ जास्त जोर लावतो आणि उन्हात स्क्रीनचा उजेड वाढतो; दोन्ही मिळून बॅटरी झरझर उतरते. त्या दिवसांसाठी पिशवीत छोटी पॉवर बँक असते. असे दिवस तुमच्या आठवड्यात नेहमीचे असतील तर मोठाच फोन घ्या, मी आग्रह करणार नाही.

चार्जिंगमध्ये दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एस२४ जास्तीत जास्त २५ वॉट घेतो; रिकाम्यापासून भरायला सव्वा तासाच्या आसपास लागतात. वनप्लस १२ त्याच्या १०० वॉटच्या चार्जरवर अर्ध्या तासाच्या आत भरतो, आणि तो चार्जर खोक्यातच मिळतो. सॅमसंगच्या खोक्यात फक्त केबल असते. चार्जर वेगळा घ्यायचा असेल तर त्यावर यूएसबी पीडी आणि पीपीएस (जलद चार्जिंगच्या पद्धतींची नावं) ही अक्षरं असल्याची खात्री करून घ्या. पीपीएस नसेल तर पूर्ण वेग मिळत नाही. मी रोज ८० टक्क्यांवर थांबण्याची मर्यादा लावून ठेवलेली असते आणि प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढते. लिथियम-आयन बॅटरी सतत काठोकाठ भरलेली आणि गरम राहिली की लवकर थकते. आणि फोन सात वर्षं चालवायचा म्हणायचं असेल तर बॅटरी जपायलाच हवी.

सात वर्षं हा आकडा उगीच आलेला नाही. एस२४ आणि पिक्सेल ८ या दोघांनाही कंपन्यांनी सात वर्षांचे अपडेट जाहीर केलेत. वनप्लस १२ला अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षांचे सुरक्षा अपडेट. माझ्यासाठी हा मुद्दा कॅमेऱ्यापेक्षा मोठा होता, कारण मी फोन मोडेपर्यंत वापरते.

बांधणीकडे वळते. एस२४ची चौकट ॲल्युमिनियमची, पुढे-मागे गोरिला ग्लास व्हिक्टस २ ही मजबूत केलेली काच. कडा सपाट आहेत, आणि या सपाट कडांवर माझा फार जीव आहे. गोल कडांचा फोन ओल्या किंवा घामट हातातून साबणासारखा निसटतो. सपाट कडेला बोटांना धरायला काहीतरी मिळतं. पाठीची काच खरबरीत नाही, पण मंद पोताची आहे, बोटांचे ठसे दिसत नाहीत. कव्हर मात्र लावलंच आहे. काच कितीही मजबूत म्हणा, ती काचच. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी : पडून न फुटणं आणि ओरखडा न उठणं हे दोन वेगळे गुण आहेत आणि काचेत एक वाढवला की दुसऱ्यात काहीतरी सोडावं लागतं. वाळूतला गारगोटीचा कण काचेपेक्षा कठीण असतो. पिशवीच्या तळाशी असे चार कण असले तरी पुरतं. दिव्याखाली फोन तिरका धरला की माझ्या स्क्रीनवर खालच्या बाजूला केसासारख्या दोन बारीक रेघा दिसतात. समोरून बघताना त्या नसतातच.

स्क्रीन सपाट असण्याचा आणखी एक फायदा असा की साधी टेम्पर्ड ग्लास कडेपर्यंत नीट बसते. वनप्लस १२ची स्क्रीन कडांना वळलेली आहे. हातात देखणी दिसते, मान्य, पण संरक्षक काच चिकटवायला तिला वेगळा गोंद किंवा फिल्म लागते, आणि आधीच्या वळणदार स्क्रीनच्या फोनवर मला हे प्रकरण पुरेसं झालं होतं. एस२४चा बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर अल्ट्रासॉनिक आहे, ध्वनिलहरींवर चालणारा. काच जाड असेल किंवा मध्ये हवा राहिली तर तो अडखळतो. म्हणून काच लावल्यावर आधी नोंदवलेले ठसे सेटिंगमधून काढून पुन्हा नोंदवा. बाकी दोघांचे सेन्सर प्रकाशावर चालतात, अंधारात बोटाखाली लख्ख उजेड पडतो.

पाण्याचं सांगायचं तर एस२४ आणि पिक्सेल ८ आयपी६८, म्हणजे स्थिर, गोड्या पाण्यात काही वेळ बुडाले तरी चालावेत अशी चाचणी झालेले. वनप्लस १२ आयपी६५, म्हणजे पाण्याचे फवारे सोसेल, बुडवू नये. पण ही चाचणी नव्या फोनची असते. आतली रबरी सीलं वयाने सैल होतात, आणि फोन एकदा उघडून दुरुस्त केला की तो आकडा गृहीत धरू नये. पावसात बोलायला मी बिनधास्त काढते, समुद्रात नेणार नाही.

कॅमेऱ्यावर थोडक्यात. मला ३ पट झूमची वेगळी लेन्स हवी होती, माणसांचे चेहरे तिच्यातून नाकडोळे न ताणता येतात. पिक्सेल ८मध्ये ती नाही, तो मुख्य सेन्सर कापून झूम देतो; त्याच्या त्वचेच्या रंगछटा मात्र मला जास्त खऱ्या वाटतात. एस२४ची झूम लेन्स दिवसा उत्तम, पण तिचा सेन्सर छोटा आणि १० मेगापिक्सेलचा, त्यामुळे संध्याकाळनंतर तिच्याकडून फार मागू नये. वनप्लसची पेरिस्कोप लेन्स (प्रकाश फोनच्या आत आडवा वळवणारी झूम लेन्स) इथे स्पष्ट सरस आहे. एवढ्या पातळ फोनमध्ये ती बसणार नाही हेही खरं.

एआयच्या सोयींचा गाजावाजा खूप झाला. त्यातली रोज वापरात राहिली ती एकच : स्क्रीनवर गोल काढून शोधणं. ती पिक्सेल ८मध्येही आहे. बाकीच्या सोयी सुरुवातीला चाळल्या आणि नंतर उघडाव्याशा वाटल्या नाहीत. फोन निवडताना त्यांना मी शून्य गुण दिले होते, आजही तेवढेच देईन.

लहान फोनांचं मला मनापासून वाईट वाटतं. ॲपलने आयफोन १२ मिनी आणि १३ मिनी काढले आणि २०२२ साली १४च्या मालिकेत मिनीच्या जागी प्लस आणला. असूसचा झेनफोन १० ५.९ इंचांचा होता, त्याच्या पुढचा झेनफोन ११ अल्ट्रा थेट ६.७८ इंचांवर गेला. आता ‘लहान’ म्हणून हातात पडतो तो एस२४सारखाच, आणि एस२४ काही खरा लहान फोन नाही. १३ मिनी ६४.२ मिमी रुंद होता. ज्यांना तो आकार आवडायचा त्यांना एस२४ हातात घेतल्यावर थोडा रुंद आणि उंच वाटेल, पण वजनाने खटकणार नाही.

हा फोन घ्यायचं ठरलंच तर साठवणीची आवृत्ती विचारपूर्वक निवडा. यात मेमरी कार्डाची सोय नाही, त्यामुळे नंतर जागा वाढवता येत नाही. शिवाय १२८ जीबीच्या आवृत्तीत साठवण यूएफएस ३.१ प्रकारची आहे आणि २५६ जीबीपासून पुढे यूएफएस ४.०, म्हणजे जास्त वेगवान. सात वर्षांचे फोटो आणि निरोप त्यात राहणार असतील तर २५६च घ्या.