मुलीचा प्लस नंबरचा चष्मा इथून केला, ४ स्टार

मुलगी साडेपाच वर्षांची. टीव्ही बघताना उजवा डोळा जरासा आत वळतो हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं, आम्ही आपले म्हणत होतो काही नाही हो, भास होतोय. घराजवळच्या एका दुकानात नेलं तर त्यांनी मशीनवर बसवून दोन मिनिटात प्लस एक सांगितला आणि लगेच फ्रेमच दाखवायला लागले. मन मानेना म्हणून इथे आलो. दुकानाच्या काकांनी पहिलं विचारलं डोळ्यात औषध घालून तपासलंय का, नाही म्हटल्यावर ऑर्डरच घेईनात, म्हणे लहान मुलं डोळ्याला ताण देऊन प्लसचा नंबर लपवतात, मशीनलाही गंडवतात, आधी मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आता गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार पुण्यात नवीन नाही, पण इथे कारण तरी होतं 😄

डॉक्टरांनी ३ दिवस ॲट्रोपिनचं (डोळ्याचा ताण सोडवणारं) मलम घालायला सांगितलं (उन्हात डोळे उघडेना, जवळचं दिसेना, नुसती किरकिर) आणि मग खरा नंबर निघाला, उजवा साडेचार, डावा दोन. उजवा डोळा आळशी झालेला, नंबर लावूनही नजर ६/२४ च (म्हणजे इतरांना २४ मीटरवरून दिसतं ते हिला ६ मीटरवरून).

कागद घेऊन परत आलो. हिला मोठी गुलाबी फ्रेम हवी होती, काकांनी समजावलं की प्लसची काच मधे जाड असते, फ्रेम मोठी तेवढी काच जड आणि चष्मा नाकावरून खाली, मग पोरं वरूनच बघतात, म्हणजे घालून न घातल्यासारखं. छोटी सिलिकॉनची घेतली, पॉलीकार्बोनेट काचा, मागे इलॅस्टिक. दोन बुबुळांमधल्या अंतराचं माप तीनदा घेतलं, ती हलतच होती ना.

पहिला आठवडा लांबचं धुरकट दिसतं म्हणून चष्मा काढून फेकायची. मी घाबरून परत नेला, काकांनी मशीनवर काचा तपासून दाखवल्या, नंबर बरोबर होता, डोळ्याची ताण द्यायची सवय सुटेपर्यंत असं होतं म्हणाले. दोन आठवड्यात रुळली. ४ महिने नुसत्या चष्म्यावर उजवा डोळा ६/१२ वर आला, आता रोज २ तास चांगल्या डोळ्याला पट्टी, कार्टून फक्त तेव्हाच.

एक स्टार कमी कारण ४ दिवस सांगून ९ लावले आणि इलॅस्टिकचे वेगळे पैसे. दांडी सैल झाली की फुकट आवळून देतात पण. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, उभं राहायला जागा नसते.